तिचा दम कोणी ऐकला

शाळेच्या मैदानावर कबड्डी शिकवणाऱ्या बाईंची शोकसभा झाली. तिथे चार जण बोलले आणि चौघांनीही माझ्या नातीचा उल्लेख केला. चौघांचेही म्हणणे खोटे होते. हे मी शब्द तोलून लिहितो आहे. गेलेल्या माणसाविषयी चार शब्द वाढवून बोलण्याची आपल्याकडे रीत आहे आणि त्याला माझी हरकत नसते. पण त्या दिवशी जे वाढवले गेले त्याने बाईंचा मान वाढला नाही, उलट एका जिवंत मुलीचे फार मोठे काहीतरी हिरावले गेले. म्हणून मला गप्प बसता येत नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, बाईंनी एका मुकीला वाचा दिली. माझी नात मुकी कधीच नव्हती. ती जन्मतः बहिरी आहे, आणि हा फरक ज्याला कळत नाही त्याने शाळा चालवू नये. संस्थेचे एक पदाधिकारी म्हणाले, बाईंनी तिला घेऊन जिल्ह्याचे अजिंक्यपद आणले. आम्ही उपांत्य सामन्यात हरलो; मी तिथे होतो, ते नव्हते. तिसरा बोलणारा माझा स्वतःचा मुलगा. त्याने बाईंचे आभार मानता मानता श्रवणयंत्राचे एवढे गुणगान केले की सभा दुकानदारांची आहे असे वाटावे. ते यंत्र त्या सामन्यात माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. खेळताना ते काढूनच ठेवावे लागते.

चौथा बोलला तो माझा जुना मित्र, कबड्डीचा पंच. त्याचे बोलणे नंतर सांगतो, कारण ते कळायला आधी खेळ कळला पाहिजे.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन होतो. कारखान्याच्या संघातून कबड्डी खेळलो, गुडघा गेल्यावर पंच झालो आणि बरीच वर्षे शिट्टी वाजवली. तेव्हा या विषयात मला कोणी शिकवू नये. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषा ओलांडून समोरच्यांच्या अंगणात शिरतो. तिथे असेपर्यंत त्याने ‘कबड्डी, कबड्डी’ हा शब्द एका श्वासात, न तुटता, पंचाला स्पष्ट ऐकू जाईल असा म्हणत राहायचा असतो. याला दम म्हणतात. दम नसेल तर पंच त्याला परत पाठवतो आणि समोरच्या संघाला गुण मिळतो. टीव्हीवरच्या झगमगाटात हे कोणाच्या ध्यानात येत नाही; आमच्या मातीच्या मैदानांवर मात्र दमाशिवाय चढाई ही चढाईच नसे.

आता नातीविषयी. ती बोलत नाही हे लक्षात आल्यावर माझ्या पत्नीने मधात वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावायला सुरुवात केली. उशिरा बोलणाऱ्या मुलाची जीभ जड असते, अशी आमच्याकडची समजूत. जिभेत काही खोट नव्हती. उल्हासनगरच्या एका डॉक्टरांनी कान तपासले तेव्हा खरे काय ते कळले. यंत्र आले. त्याने तिला काहीतरी वाजले एवढे समजे; ट्रक वाजला की आजी बोलली, हे समजत नसे. तरी ओठ पाहून, गळ्याला हात लावून, एका शिक्षिकेकडे दोन वर्षे घासून ती बोलायला शिकली. तिचा आवाज थोडा नाकातून आणि थोडा पोटातून येई, पण शब्द ओळखू येत. मग चौथीत वर्गातल्या मुली तिच्या बोलण्याची नक्कल करू लागल्या. ती नक्कल तिला ऐकू आली नाही, दिसली. मुली ओठ वेडेवाकडे करत होत्या आणि बाकीच्या पोट धरून हसत होत्या. त्या दिवसापासून तिने घराबाहेर तोंड उघडले नाही. चार वर्षे.

ती आठवीत गेली तेव्हा शाळेत नव्या क्रीडाशिक्षिका आल्या. बुवापाड्यातल्या, बौद्ध घरातल्या. त्यांचे वडील माझ्याच खात्यात काम करत. वडील मितभाषी होते, मुलगी तशी मुळीच नव्हती. एका संध्याकाळी त्या थेट घरी आल्या आणि चहाचा कप हातात येण्याआधीच म्हणाल्या,

“काका, तुमची नात मला संघात पाहिजे.”

“बाई, तिला ऐकू येत नाही,” मी म्हणालो.

“ते सगळ्या शाळेला माहीत आहे. तिचे पाय बघितलेत का तुम्ही? तुम्ही खेळलेले आहात, म्हणून विचारते.”

पाय मी पाहिले होते. अंगणात शेजारच्या कुत्र्याला हुलकावणी देताना पाहिले होते.

माझी सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “अहो बाई, त्यात ओरडायचं असतं ना? लोक हसतील हो पोरीला. नका चारचौघांत तोंड उघडायला लावू.”

“वहिनी, हसणारे आत्ताही हसतातच. ती गप्प बसलीय म्हणून कोणी थांबलंय का?”

सून आत निघून गेली. बाई माझ्याकडे वळल्या. “काका, आता खरं सांगा. आजोबा म्हणून नको, पंच म्हणून सांगा. दमाला काय लागतं?”

मी सांगितले: एकच शब्द, न तुटता, खणखणीत. उच्चार रेडिओवरच्या निवेदकासारखा लागत नाही, खेड्यातले खेळाडू त्या शब्दाचे वाटेल ते करतात. पण शब्द तोच आहे हे कानाला पटले पाहिजे.

“बस्स. तेवढंच मागेन तिच्याकडून,” बाई म्हणाल्या. “कमी मात्र नाही मागणार.”

बाईंनी तिला प्रेमाने जवळ घेऊन धीर दिला, पाठीवरून हात फिरवला, असे आता सगळे सांगतात. मी रोज सकाळी मैदानाच्या कठड्यावर बसलेलो असे. हात फिरवलेला मी पाहिला नाही. बाई कौतुकाच्या बाबतीत फार कंजूष होत्या. त्यांची पद्धत वेगळी होती, आणि ती मी आयुष्यात दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. त्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जात, मुलीकडे पाठ करून उभ्या राहत आणि उजवा हात सरळ वर धरत. दम कानावर पडतो आहे तोवर हात वर. दम तुटला, पुटपुटला किंवा शब्द बिघडला की हात खाली.

“पाठ कशाला?” मी एकदा विचारले.

“तोंडाकडे बघितलं की डोळे कानाला मदत करतात, काका. मग मला वाटतं ऐकू आलं, आणि आलेलं नसतं. पंच काय मदत करणार आहे तिला?”

मुलीला स्वतःचा आवाज कळत नव्हता. तो तिला बाईंच्या वर धरलेल्या हातात दिसू लागला.

पहिले कित्येक दिवस हात वर गेला की लगेच पडे. ‘क’ हे अक्षर घशात मागे तयार होते, ओठांवर दिसत नाही, त्यामुळे तिचा सगळा खेळ तिथेच अडकत होता. बाईंनी तिला कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, म्हणजे घशाची ती जागा कुठे आहे ते तिला उमगेल. घरात सकाळ-संध्याकाळ गुळण्यांचा आवाज. माझी पत्नी म्हणे, “ही कबड्डी आहे की पडसं?” एके दिवशी हात लागोपाठ इतक्यांदा खाली आला की मुलगी मैदानाच्या मध्यावर उभी राहिली, पाय आपटला आणि ओरडली, “खोटं! मी म्हणत होते!”

सगळे मैदान थबकले. चार वर्षांनी घराबाहेर तिच्या तोंडून निघालेले ते पहिले वाक्य होते. मी कठड्यावरून उठलो. बाई वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हते, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. मुलीला ओठ नीट दिसतील अशा त्या समोर आल्या आणि म्हणाल्या, “भांडायला एवढा आवाज आहे, आणि दमाला नाही? चल, परत.”

दिवाळीपर्यंत संपूर्ण चढाईभर हात वर राहू लागला. आणि मग जे झाले ते मी कोणाच्याही भाषणातून उसने घेणार नाही, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर झाले. ती रिक्षावाल्यांशी सुट्ट्या पैशांवरून भांडू लागली. वर्गात हात वर करून उत्तरे देऊ लागली. मी भाजी घेऊन येताना दिसलो की गल्लीच्या टोकावरून “आबा!” अशी हाक मारे, आणि अंबरनाथ पूर्वेचा तो अख्खा बाजार मान वळवून बघे. तिला त्याचे काही वाटत नसे. मी मात्र त्या वेळी अंमळ सावकाश चालत असे.

आता सामना. बदलापूरच्या मैदानावर शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना होता आणि आमच्या बाजूच्या रेषेवर पंच म्हणून माझा तो मित्र उभा होता. मी त्याला भेटलो नाही. सामन्याआधी पंचाला भेटू नये हा माझा नियम, आणि नात खेळते म्हणून तो बदलत नाही. तिची पहिलीच चढाई त्याने रद्द ठरवली. शिट्टी मारून परत पाठवले, समोरच्यांना गुण दिला. त्यांच्या कोपऱ्यातली एक मुलगी कानावर हात ठेवून नाचली. आमच्या एका पालकाला राहवले नाही. तो बाईंकडे धावला.

“बाई, सांगा ना पंचांना! पोरीला ऐकू येत नाही म्हणावं!”

“काय म्हणून सांगू?” बाई म्हणाल्या. “दम नव्हता. त्यांनी बरोबर केलं.”

“अहो पण—”

“दादा, खाली बसा. आज सवलत मागितली तर उद्या ती मैदानात कशाच्या जोरावर उतरेल?”

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. मध्यंतरानंतर बाई मैदानाच्या कडेला गेल्या, चालू सामन्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि हात वर केला. लोकांना गंमत वाटली. एक जण ओरडला, “ओ बाई, तिकडं काय बस थांबवताय?” बाई हलल्या नाहीत. मुलीने चढाई केली. मला तिचा दम ऐकू आला. माझ्या मागे बसलेल्या लोकांनाही आला. समोरच्या दोघींना शिवून ती परतली, मध्यरेषा पार केली आणि गुणफलकाकडे न बघता आधी त्या हाताकडे बघितले. हात वर होता.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. परतताना रिक्षात ती बडबडत होती. सामना संपल्यावर बाईंनी तिला येऊन सांगितले होते की पंचांना दम कसा वाटला असे त्यांनी विचारले, आणि पंच म्हणाले, ‘खणखणीत.’ हा शब्द तिने पुढे कितीतरी दिवस वापरला. पोळी खणखणीत, पेपर खणखणीत, आजीचे घोरणे खणखणीत.

पुढे नात शिकून नोकरीला लागली. बाई गेल्या वर्षी आजारी पडल्या. आजाराचे नाव लिहीत नाही. ज्याचे नाव घरात कुजबुजत घेतात त्यातला होता. नात आठवड्यातून एकदा बुवापाड्यात त्यांना बघायला जाई. शेवटी शेवटी बाईंचे डोळे मिटलेले असत. नात हळू बोलू लागली तर त्या म्हणत, “मोठ्यानं बोल गं. झोप लागतेय मला.” डोळे मिटून बोललेले ते शब्दही तिने ओठांवरून वाचले आणि घरी येऊन आम्हाला मोठ्याने सांगितले.

शोकसभेत सर्वांत शेवटी तीच बोलणार होती. चार वाक्ये तिने पाठ केली होती. समोरच्याचे बोलणे अक्षरांत उमटवणारी सोय तिच्या फोनमध्ये आहे; फोन मांडीवर ठेवून ती प्रत्येकाचे भाषण वाचत होती. माझा मित्र उठला. त्याने माइक धरला आणि जे बोलला ते असे:

“खरं सांगू का, मुलीला दम कुठला? बाई सामन्याआधी मला भेटल्या होत्या. म्हणाल्या, सांभाळून घ्या. आम्ही पंच झालो तरी माणसंच. म्हटलं, जाऊ दे, पोर आहे. सोडलं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोळे पुसले. माझे लक्ष नातीकडे होते. तिने अंगठ्याने ती अक्षरे वर सरकवली, पुन्हा खाली आणली, पुन्हा वाचली. तिचे नाव पुकारले गेले तेव्हा ती उठली नाही. सुनेने खांद्याला हात लावला. तिने खांदा काढून घेतला.

तेव्हापासून ती बोलेनाशी झाली.

उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात ती संगणकावर नक्षीची कामे करते. तिथले सिंधी सेठ रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी मला थांबवले. “अंकल, बच्ची को क्या हो गया? पहले रेट के ऊपर मेरे से इतना लडती थी, पूरी गली सुनती थी. मैं बोलता था, बेटी, आहिस्ता, गिऱ्हाईक भाग जाएगा. अब मोबाईल पे लिख के दिखाती है. बस, सिर हिलाती है.” त्यांना खरोखर वाईट वाटले होते. भांडणारे माणूस गेले की दुकान सुने होते, असे काहीसे ते म्हणाले.

मी तिला समोर बसवले आणि सांगितले की तो खोटे बोलला. तिने फोनवर लिहिले, “आबा, मला सोडलं होतं का?” मी म्हणालो, नाही, सोडायचेच असते तर पहिल्या चढाईला परत का पाठवले असते? मी स्वतः दम ऐकला, माझ्या मागच्या बाकावरच्या लोकांनी ऐकला. तिने माझे सगळे म्हणणे ओठांवरून नीट वाचले आणि लिहिले, “तुम्ही आबा आहात.”

मग थोड्या वेळाने: “बाई त्यांना आधी भेटल्या असतील तर हात पण खोटा.”

वाद घालण्यात मी आयुष्यात मागे हटलेलो नाही, पण साक्षीदार म्हणून मी तिच्या लेखी बाद होतो, आणि दुसरी साक्ष ज्यांची होती त्या बाई गेल्या होत्या. उरला तो एकच माणूस.

माझा मित्र आता मुलाकडे सोनिवलीला राहतो, नव्या इमारतीत. मी गेलो तेव्हा टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. मला बघून तो खूश झाला.

“ये ये! किती दिवसांनी! चहा?”

“चहा राहू दे. सभेत तू खोटं का बोललास?”

“हो हो, टाकेल ती. साखर कमीच ना तुला?”

“मी साखरेचं विचारत नाहीये! बाई तुला सामन्याआधी कधी भेटल्या?”

“गुडघा? गुडघा आहे तसाच.” तो टीव्हीकडे बघत मान हलवत राहिला.

त्याची सून आतून आली, टीव्ही बंद केला आणि मला हळूच म्हणाली, “काका, समोर बसून बोला. ओठ दिसू द्या. ते कबूल करत नाहीत, पण असं आहे.”

मी समोर बसलो. तेच प्रश्न पुन्हा विचारले. तो माझ्या ओठांकडे बघत होता, आणि प्रश्न पोचला आहे हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

“तू आहेस म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “शेवटची काही वर्षं मला दम ऐकूच येत नव्हता. कोणाचाच. छाती बघायचो, ओठ बघायचो, अंदाजानं शिट्टी मारायचो.”

“मग पहिल्या चढाईला पोरीला परत का पाठवलंस?”

“तोंड मिटलेलं होतं तिचं. घाबरली होती.”

“आणि नंतर?”

“नंतर तोंड चालू होतं, छाती भरलेली होती. जसं बाकीच्या पोरींचं तसंच. आवाज होता का नव्हता, मला काय ठाऊक?”

“आणि बाई?”

“आधी नाही भेटल्या. नंतर भेटल्या. विचारलं, दम कसा वाटला? मी म्हटलं, खणखणीत. दुसरं काय म्हणणार? बहिऱ्या पंचाला परत कोण उभा करतो?”

“मग सोडलं म्हणून का बोललास, गाढवा?”

“अरे, सभेला आलो तेव्हापासून जो तो विचारतोय, तुम्ही होता ना, कसा होता हो तिचा आवाज? मी काय सांगू? सोडलं म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. वर बाईंचं नाव झालं. लोक रडले. तुझं काय गेलं त्यात?”

काय गेले ते मी त्याला सांगितले. ओरडून सांगितले, आणि ओरडण्याचा काही उपयोग नाही हे ध्यानात आल्यावर सावकाश, ओठ दाखवत सांगितले. मी म्हणालो, कानात यंत्र घालून माझी नात भर वर्गात बसली आणि तुला सोनिवलीच्या बंद घरात लाज वाटते. तो म्हणाला, “या वयात? पंचाच्या कानात यंत्र? हसतील लोक.” मग त्याने चष्मा काढून पुसला आणि कितीतरी वेळ पुसतच राहिला.

घरी येऊन मी नातीला सगळे सांगितले. काही गाळले नाही. बाई आधी भेटल्या नव्हत्या, हेही. आणि ‘खणखणीत’ हा शब्द एका न ऐकणाऱ्या माणसाचा होता, हेही. ते सांगू नका, असे सून मला खुणावत होती. मी सांगितले. या मुलीला कोणी काही सांभाळून सांगावे हे बाईंना मान्य नव्हते आणि मलाही नाही.

ती उठली, खिडकीत जाऊन उभी राहिली. परत आली आणि लिहिले, “मला त्यांच्याकडे न्या.”

आम्ही रविवारी गेलो. त्याने तिला ओळखले आणि घाबरला. ती काही विचारायच्या आतच तो “हो, हो, बरोबर” म्हणत मान हलवू लागला. तिने ती मान पाहिली. चौथी ते आठवी ती स्वतः चारचौघांत अशीच मान हलवत बसलेली मी पाहिली आहे, न समजलेल्या प्रत्येक गोष्टीला. तिने फोन त्याच्या गुडघ्यावर ठेवला, अक्षरे उमटवणारी सोय सुरू केली आणि तोंड उघडले.

इतक्या दिवसांनी मी तिचा आवाज ऐकला. जरा गंजला होता. फोनला तो कळला नाही. त्याने भलतेच काही शब्द उमटवले. ते बघून तिने फोन उपडा ठेवला, खुर्ची पुढे ओढली, पडदा सारून उजेड आपल्या चेहऱ्यावर घेतला आणि सावकाश पुन्हा विचारले, “मला सोडलं?”

त्याने तिचे ओठ वाचले. “नाही.”

“बाई आधी भेटल्या?”

“नाही गं. शपथ.”

“आवाज कसा होता?”

तो माझ्याकडे बघू लागला. तिने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवले, लहान मुलाचे वळवतात तसे.

“मला नाही ऐकू आला, पोरी,” तो म्हणाला. “कोणाचाच नाही येत.”

तिने मान हलवली. या वेळची मान वेगळी होती. मग ती त्याच्याशी बोलत राहिली. यंत्राविषयी, त्याच्या बॅटरीविषयी, बोलणाऱ्याने कुठे बसावे याविषयी. तो चुकला की ती तेच वाक्य पुन्हा म्हणे. मी भिंतीला टेकून बसलो होतो. तिचा ‘क’ अजून स्वच्छ येतो, हे त्या खोलीत एकट्या मला कळत होते आणि ते ती मला विचारणार नव्हती.

परतताना ती गप्प होती. घरी अजूनही गप्पच आहे. सेठना फोनवर लिहून दाखवते. आता काही मंडळी बाईंच्या नावाने स्पर्धा भरवणार आहेत आणि तिचा सत्कार करणार आहेत असे ऐकतो. तिने नकार लिहून पाठवला आहे. सभेत बोललेले खोटे होते असे माझ्या मित्राने त्या मंडळींना सांगितले, तर त्यांनी त्याला, “काका, झालं ते झालं, भाषण फार छान होतं,” असे उत्तर दिले. म्हणून हे मी लिहून ठेवतो आहे. लिहायला त्याची हरकत नाही, फक्त नाव घालू नकोस, एवढेच तो म्हणाला. मी कोणाचेच घातलेले नाही.

दर रविवारी ती एकटी सोनिवलीला जाते. दोन-तीन तास बसते. तिथे मोठ्याने बोलते, कधी भांडते, कधी हसते, असे आतल्या खोलीत बसलेली त्याची सून मला फोनवर सांगते. “काका, तुम्ही या ना एकदा,” ती म्हणते, “ऐका तरी.” मी जात नाही. मी गेलो तर ती थांबेल, कारण मला ऐकू येते.